हेमकांतच्या ऑफिसातली भरती

तर काल कुठे थांबलो होतो? हां, सुपडूने भाऊबंदांच्या दोन जीपा भरल्या आणि सकाळीच नंदुरबारला आणल्या. लग्नाला नव्हे, नोकरीला.

सुपडू माझा पुतण्या. त्याचा हेमकांत मिरची बाजारात, शांतिलाल शेठच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत सॉफ्टवेअरची कंपनी चालवतो. काट्यावर पोतं चढलं की वजन, भाव, पावती सगळं शेतकऱ्याच्या मोबाइलवर. निम्मा बाजार आणि नवापूरचे पोल्ट्रीवाले त्याचे गिऱ्हाईक. त्याने गाडी घेतली, बापाच्या विहिरीवर सोलर पंप बसवला, पण गावाच्या लेखी पोरगा रिकामाच. पुण्यात कंपनीच्या बसमागे धावतो तो इंजिनिअर. स्वतःच्या गाडीने नंदुरबारला जातो तो कसला?

रंजिताला हेमकांत पसंत, त्याला ती. अडलं होतं तिच्या वडिलांपाशी. गिरधर आप्पा रिटायर्ड हेडक्लार्क. जिथे मस्टर नाही ते ऑफिस कसलं, असं त्यांचं मत. माणसं किती आहेत ते येऊन बघतो, असा त्यांचा निरोप आला आणि सुपडूचा धीर सुटला. कंपनीत हेमकांत धरून माणसं तीन.

हेमकांत नको नको म्हणत राहिला, ऐकतो कोण. कुठल्याशा क्लासमधले बंद पडलेले कॉम्प्युटर मांडले, प्रत्येकापुढे एक भाऊबंद. खुर्च्या संपल्या, तेव्हा कंपनी जिच्या जिवावर चालते त्या दीपमालाला आणि मयूरीला चहा करायला पाठवलं.

आप्पा आले, गर्दी बघून खूश झाले. पण आपल्याकडचा माणूस 'गाव कोणतं, कोणाचे तुम्ही' विचारल्याशिवाय राहील का? पहिला सुपडूचा चुलतभाऊ निघाला, दुसरा मावसभाऊ. तिसरा तर आप्पांच्याच बहिणीचा दीर. तो उठून पायाच पडला. माझ्यापर्यंत आले तेव्हा मी आपणहूनच सांगून टाकलं, मुलाचा चुलत आजोबा.

तेवढ्यात खालून शांतिलाल शेठची हाक आली, पावती निघत नाही, काटा थांबलाय. आम्ही सगळे कर्मचारी जागच्या जागी. दीपमालाने चहाचा ट्रे आप्पांच्या हातात दिला, कोपऱ्यातला लॅपटॉप उघडला, आणि चहा निवायच्या आत काटा सुरू.

आप्पा ट्रे धरून उभेच. म्हणाले, "खरं सांगा, तुमची माणसं किती?"

हेमकांतने ट्रे आपल्या हातात घेतला आणि अहिराणीत म्हणाला,

"तीनच शेतस, आप्पा. बाकीना वऱ्हाडमा ईतीन, तुम्ही हो म्हना तं."