मामंजींची गोळी, अण्णांची कॅप्सूल

माझ्या नणंदेचं, शांताचं, लग्न चरबीवरच्या गोळीवरून मोडता मोडता राहिलं, आणि ती गोळी दिली मी.

सत्तर सालानंतरची गोष्ट. अक्कलकोटशेजारच्या आमच्या शहरात, नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान. सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ अण्णा, दोघे दिवसभर गादीवर बसून. एकाच महिन्यात दोघांच्याही रक्तात चरबी निघाली. मामंजींना इथल्या डॉक्टरांनी निकोटिनिक ॲसिडच्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. अण्णांनी पुण्याहून भल्या मोठ्या कॅप्सूल आणल्या. मग रोज जेवताना एकच वाद, कुणाचं औषध भारी!

दुकानात दोन कापडांवरून वाद झाला की आम्ही दोन्हींचे तुकडे एका बादलीत भिजवतो. कुणाचा रंग जातो ते दिसतं. तोच न्याय मी इथं लावला. एका रविवारी दोघांना औषधांची अदलाबदल करायला सांगितलं. मामंजींनी कॅप्सूलला हात लावला नाही. अण्णांनी मात्र गोळी घेतली. निरोगी माणसावर काय होतं तेही कळावं, म्हणून एक मी घेतली. (मी मॅट्रिक पास!) अण्णा आणि मी, दोघंही उपाशी, कारण शांताला बघायला अक्कलकोटचे पाहुणे येणार होते. त्यांच्या आधी कसं खायचं?

पाहुणे टेकले आणि माझे कान तापले. मग गाल, मान, हात लालबुंद, अंगभर खाज. तशीच उप्पिटाची बशी घेऊन बाहेर गेले, तर अण्णा सदऱ्याची बटणं सोडून पुठ्ठ्यानं वारा घेत होते. टोमॅटो परवडला!

मुलाच्या आईनं बशी घेतलीच नाही. पदर आवरत म्हणाल्या, "हे लागणीचं हाय का?"

सगळ्यांनी शांताकडे पाहिलं. ती घाबरून लाल झाली.

बाई उठल्याच. तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी मला निरखून विचारलं, "पांढरी गोळी? उपाशीपोटी?"

मी मान डोलावली. त्यांनी कोटाच्या खिशातून तसलीच बाटली काढली. "पहिल्या दिवशी मी हिरीत उडी टाकायला निघालो हुतो. जेवल्यावर घ्या की."

"बाटलीवर लिहिलंय," मामंजी शांतपणे म्हणाले.

तासाभरात आमचा रंग उतरला, शांताचाही. मुलगी पसंत पडली. हुंडा नको, मानपान नको, मुलाच्या आईची अट एकच, "लग्नात ह्या वहिनींच्या हातनं पानीसुदिक नको."

लग्नात मला खुर्ची मिळाली. वाढायला काहीही मिळालं नाही.