मधली फरशी

"सर गेले," भानुदासचा फोन आला तेव्हा मी गेवराईच्या बाजारात पत्रकं वाटत होतो. हातातली सगळी वाटली आणि मगच निघालो. अर्धं काम टाकून आलेला माणूस देशमाने सरांना खपत नसे.

सर निवृत्त झालेले, कॉलेजात गणित शिकवायचे. गोदाकाठचा वाळूचा खड्डा खोल होत गेला, आमच्या विहिरींचं पाणी खाली बसू लागलं, आणि ठेकेदार म्हणाला, "खड्डा नदीत, विहिरी रानात. संबंध काय?" वर त्याला खड्डा अजून खोल न्यायला परवानगी हवी, त्याची सुनावणी लागलेली! मी पत्रक लिहिलं, 'गाव कोरडं केलं!' सरांनी वाचून विचारलं, "किती?" माझं डोकंच फिरलं. ते म्हणाले, "सुनावणीत तुझा राग कोण मोजणार हाय?"

मग त्यांनी मारुतीसमोरच्या फरश्यांवर माणसं उभी केली, एका फरशीवर एक. नदीकडची ओळ म्हणजे खड्ड्यातलं पाणी. बाकीच्या तीन कडांना शिवारातले विहीरवाले. दोर सोडून मोजलेली पातळी काठावरच्या या सगळ्यांनी बोलायची, बदलायची नाही. आतल्यांनी अंदाजानं आकडा धरायचा, मग चारी शेजाऱ्यांचे आकडे विचारून बेरीज, भागिले चार, की नवा आकडा. पुन्हा तेच... आकडे हलायचे थांबेपर्यंत. मधल्या फरशीवर स्वतः सर. ती गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर.

आधी आजच्या खड्ड्याचा हिशेब. मधला आकडा खऱ्या विहिरीशी जुळेना. सरांची नजर काठावरून फिरत भानुदासवर थांबली.

"दोर कुठवर गेलता?"

"जरा वाढवून सांगितलं, सर. आपल्याच फायद्याचं हाय की!"

"येड्या, तू काठावर उभा हायेस. तुझं खोटं आतल्या सगळ्यांत भिनतंय. त्यांचा वकील ह्याच एका आकड्यावर आपल्याला झोपवील."

"लई शाना झालास बे," मी भानुदासला म्हणालो. तो दोर घेऊन पुन्हा गेला, आणि आकडा जुळला.

खोल खड्ड्याचा हिशेब राहिला होता, तेवढ्यात सर गेले.

सरांचे दिवस झाल्यावर आम्ही पुन्हा फरश्यांवर उभे राहिलो. नदीकडच्या ओळीनं आता खोल खड्ड्याची पातळी धरली. मधल्या फरशीवर कुणी पाय ठेवेना. तिच्या शेजारच्या फरशीवरच्या सुशीलाबाई म्हणाल्या, "ठिवा रिकामी. आमी चौघं हावोत की चौबाजूनी." दर फेरीला त्या चौघांनी बेरीज करून सरांचा आकडा मोठ्यानं बोलला. फेऱ्यांवर फेऱ्या... आकडा खाली खाली सरकत गेला आणि थांबला तो विहिरीच्या तळाच्याही खाली.

नव्या पत्रकात तो आकडा आहे. उद्गारचिन्ह एकही नाही. सुनावणीत ठेकेदारानं वाद घातला, तर सुनावणी घेणाऱ्या साहेबांनाच मारुतीसमोर बोलावणार आहोत. कोणत्याही काठावर उभं राहा, दोर आम्ही देतो. मधली फरशी तेवढी सोडा.