आईचे डबे बंद केले तेव्हा

मी इंग्लंडहून परत आलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. तिथल्या एका लहान गावाच्या क्लबाकडून सहा महिने क्रिकेट खेळून आलो होतो, आणि तेही पगार घेऊन. आमच्या अंधेरी पूर्वेच्या चाळीत तोवर खेळायचे पैसे मिळतात हे कोणाला माहीत नव्हतं. खेळ म्हणजे पोरांनी अभ्यास बुडवून करायची गोष्ट.

मी डावखुरा स्पिनर. कॉलेजच्या टीममधून एका कंपनीच्या टीममध्ये गेलो. तिथल्या कॅप्टनची इंग्लंडला ओळख होती. तिकडच्या लीगमध्ये प्रत्येक क्लबाला बाहेरचा एक पगारी खेळाडू ठेवता यायचा. एका क्लबाचा ठरलेला माणूस आयत्या वेळी फिरला आणि त्याच्या जागी मी गेलो. शनिवार-रविवार मॅच, मधल्या दिवसांत तिथल्या पोरांना शिकवायचं. पाच विकेटी घेतल्या की मैदानभर टोपी फिरवायचे आणि लोक तिच्यात नाणी टाकायचे. पहिल्यांदा मला भीक मागितल्यासारखं वाटलं होतं. तिसऱ्या वेळेपर्यंत टोपी कुठवर आली ते मी चोरून बघायला लागलो होतो.

वडील गिरणीत होते. संप झाला, लांबला, आणि त्यांची गिरणी काही पुन्हा उघडली नाही. मग ते एका कारखान्याच्या गेटवर रात्रपाळीचे वॉचमन झाले. घर खरं चालायचं ते आईच्या डब्यांवर. साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये लेथवर, प्रेसवर काम करणारे अठरा जण तिच्याकडून दुपारचं जेवण घ्यायचे. बरेचसे आमच्याच मुलखातले, बायकापोरं गावाला ठेवून आलेले. आई पहाटे चारला स्टोव्ह पेटवायची. माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेली बहीण भाजी चिरायची आणि अकरा वाजता वडिलांबरोबर डबे पोचवायला निघायची. मला कधी कोणी डबा उचलायला सांगितलं नाही. मला प्रॅक्टिस असायची.

परत आलो आणि पहिले तीन आठवडे मी नुसता उधळलो. रंगीत टीव्ही घेतला. आईला बांगड्या, बहिणीला घड्याळ, वडिलांना लोकरी स्वेटर. अंधेरीत स्वेटर! स्वतःसाठी तिकडून लेदरचं जॅकेट आणलं होतं, ते ऑक्टोबरच्या उन्हात घालून मी नाक्यावर उभा राहायचो. मित्रांना हॉटेलात न्यायचो आणि बिल कोणालाच बघू द्यायचो नाही. एका काकांना गावच्या घरावर कौलं घालायची होती. माझ्याकडे पैसे होतेच, मी देऊन टाकले. "पोरगा मोठा झाला, पण विसरला नाही," असं कोणी म्हणालं की मला आणखी द्यावंसं वाटायचं.

वडिलांनी मात्र इंग्लंडबद्दल मला एकच प्रश्न विचारला. मी खेळलो ते जुनं गिरणगाव होतं हे त्यांना बोलण्यात कळलं होतं.

"थयच्यो गिरण्यो चालू आसत?" ते म्हणाले.

"नाही. बंद पडल्या. बऱ्याच वर्षांपूर्वी."

"मगे लोक करतत काय?"

सहा महिने राहून मी हे कोणाला विचारलंच नव्हतं. ते ड्युटीवर गेले.

सगळ्यात मोठी भेट मी आईसाठी ठरवली होती. तिकडे थंडीत एकटा पडलो की मला तिचे हात दिसायचे, भाकऱ्या थापणारे, स्टोव्हच्या पिना मारणारे. आता पुरे, असं मी ठरवलं होतं. तिला न सांगता एका दुपारी मी साकीनाक्याला गेलो आणि गाळ्यागाळ्यांत फिरून सांगितलं, "पहिल्या तारखेपासून आईचे डबे बंद."

अठरा जणांत एक टर्नर होते, पन्नाशीचे, सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांनी लेथ थांबवला, चिंधीने हात पुसले.

"आवशीन सांगल्यान?"

"नाही, मीच सांगतोय. तिने खूप केलं. आता आराम करू दे."

"बरां झालां," ते म्हणाले. "खराच बरां झालां रे." आणि त्यांनी लेथ पुन्हा चालू केला.

संध्याकाळी मावशी आली होती. तिच्यासमोर मी आईला ही बातमी दिली. आई तांदूळ निवडत बसली होती. माझी कल्पना होती की ती रडेल, मला जवळ घेईल. मावशी म्हणालीसुद्धा, "नशीब काढलंस गो!" आई तांदूळ निवडत राहिली. मावशी गेल्यावर तिने सूप खाली ठेवलं.

"कोणाक इचारून केलंस?"

"अगं, तुझ्यासाठीच ना!"

"माज्यासाठी. मगे माका कित्याक नाय इचारलंस?"

मी चिडलो. तिकडे मी कसा राहिलो, काय खाल्लं, कोणासाठी पैसे वाचवले, सगळं बोललो. ती ऐकून घेत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "त्या अठरा माणसांका मी तोंड कसां दाखवू?"

पहिली तारीख आली. पहाटे चारला मला जाग आली, कारण आई उठली होती. तिने स्टोव्ह घासला. मग बसून राहिली. मग पुन्हा तोच स्टोव्ह घासायला घेतला. दुसऱ्या दिवशी तेच. टीव्ही लावून दिला तर बघायची नाही. "डोळे दुखतत," म्हणायची. चौथ्या दिवशी तिने भाजी सवयीने अठरा जणांची केली आणि मग चाळीत घरोघरी वाटत फिरली. त्या दिवशी बहिणीने मला गॅलरीत गाठलं.

"खूश?" ती म्हणाली.

"मी काय वाईट केलं गं? तू तरी सांग."

"तुझे पहिले स्पाइक्सचे बूट कोणी घेतले, माहितेय?"

"बाबांनी. सतरा वर्षांचा होतो मी."

"बाबा तेव्हा घरी बसलेले, संपात! आईने त्या सगळ्यांकडून महिन्याचे पैसे आगाऊ मागितले. एकानेही नाही म्हटलं नाही. पुढचा महिना तिने नुसत्या उधारीवर सामान भरून त्यांना जेवू घातलं. आणि तू जाऊन त्यांना चार दिवसांच्या नोटिशीवर हाकललंस. बढिया काम केलंस, यार."

मला ते बूट आठवत होते. मी ते उशाशी घेऊन झोपलो होतो, आणि पैसे कुठून आले हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तरी खरं सांगायचं तर मला जास्त लागलं ते दुसरंच. आई चार दिवसांत म्हातारी दिसायला लागली होती आणि ते मी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा साकीनाक्याला गेलो, जॅकेट घरी ठेवून. टर्नरकाका गाळ्याबाहेर बाकड्यावर बसून हॉटेलातलं पावभाजीचं पार्सल खात होते.

"काका, चुकलं माझं," मी म्हटलं. "आईला डबे चालू करायचेत. तुम्ही परत याल?"

"ह्यां खाऊन पोटात जळजळता रे," ते म्हणाले. "येतंय तर. आजपासून चालू करता काय?"

मला हसू आलं आणि रडूही. मी बुटांचं काढलं. म्हटलं, मला माहीतच नव्हतं, तुमचे उपकार मी कसे फेडू. त्यांनी हात हलवून मला थांबवलं.

"उपकार खयचे? पैसे दिलंव आनि जेवलंव. तुज्या आवशीन एक दिस खाडो केल्यान नाय. तू तिका सांभाळ, पण तिच्या कामात हात घालू नको."

सोळा जण परत आले. दोघांनी दुसरीकडे सोय केली होती आणि ती त्यांना बरी पडत होती. आईला त्या दोघांचं बरेच दिवस लागून राहिलं. त्यांच्या जागी नवी माणसं मिळाली, तरी ती त्यांची आठवण काढायची, एकाला तिखट चालायचं नाही, दुसऱ्याला फक्त तांदळाची भाकरी लागायची.

डबे सुरू झाल्यावर एका दुपारी मी तिला विचारलं, जे आधी विचारायला हवं होतं. "आई, तुला नक्की काय हवंय?"

तिने विचार करायला वेळ घेतला नाही. तिचं ठरलेलंच होतं. "घरात नळ व्हयो. आनि दोन शेगड्यो रवतीत इतकी जागा."

चाळीत पाणी सार्वजनिक नळावरून आणावं लागायचं. अठरा जणांच्या स्वयंपाकाला किती हंडे लागतात ते मी तोपर्यंत कधी मोजलं नव्हतं. आठवडाभर मीच पाणी भरलं. बोलिंग टाकून कधी दुखला नाही इतका खांदा दुखला. बहीण दारात उभी राहून मजा बघायची.

उरलेले पैसे मी वडिलांच्या हवाली केले. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा त्याच क्लबाकडे गेलो आणि त्या सीझनचे पैसे जवळपास सगळे घरी आणले. दोन्ही मिळून अंधेरीतच, एका टेकडीच्या पायथ्याशी, तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. आत नळ होता. आई पहिल्या दिवशी तो सोडून बराच वेळ बघत बसली, मग वडील ओरडले, "पाणी फुकट जाता गे!" तिने गडबडीने बंद केला. त्याच रविवारी टर्नरकाकांना आम्ही जेवायला बोलावलं. त्यांनी पोटभर खाल्लं आणि म्हणाले, सोलकढीत मीठ कमी आसा. आईला राग आला नाही. तिने उठून मीठ आणलं.

मी तिकडे तीन सीझन खेळलो. चौथ्या वर्षी पत्र आलं, त्यांनी वेस्ट इंडीजचा एक फास्ट बोलर घेतला होता. पत्र चांगल्या शब्दांत होतं. ते खिशात घेऊन मी दिवसभर फिरलो आणि संध्याकाळी आईला सांगितलं. ती वाटण वाटत होती.

"तुका वाईट वाटलां?" तिने विचारलं.

"हो."

"माकापन. ते लोक तुका बरे बघीत होते."

मग तिने थोडं सरकून जागा केली आणि मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. दोन महिन्यांनी मला खेळाडू म्हणून एका बँकेत नोकरी लागली. आई आणखी चौदा वर्षं डबे करत होती. थांबली ती तिच्या मनाने, एका शुक्रवारी. सगळ्यांना महिनाभर आधी सांगून.