पुंजामामांचे दोन चिंचोळे प्लॉट

माझे मामा पुंजाजी यांनी आयुष्यात एकच सरकारी काम केलं आणि त्यात माझ्या नाकी नऊ आणले. मी शाळामास्तर, अक्षर बरं, वर सायकल माझी. म्हणजे अर्ज मी लिहायचा, मामांना डबलसीट बसवून कमेटीत मी न्यायचं आणि नगरपालिकेच्या त्या कचेरीत कोणी झापलं की मामांनी माझ्याकडे पाहायचं.

तालुक्याच्या आमच्या गावाला लागून, अकोट रस्त्यावर मामांच्या शेताचा एक तुकडा होता. वस्ती वाढली तसा तो गावात आला. मामी गेल्यानंतर जानराव आणि चंद्रभान या दोघा मुलांच्या बायका एका चुलीवर नांदेनात. सकाळी सुरू झालेलं भांडण दिवेलागणीलाही चालूच. शेवटी चंद्रभान म्हणाला, मी बिऱ्हाड घेऊन सासुरवाडीला, अचलपूरला जातो. मामांनी त्या दिवशी जेवण टाकलं. दोन्ही पोरं डोळ्यांसमोर राहावीत, एवढंच त्यांना हवं होतं. म्हणून तुकड्यावर दोघांना दोन घरं बांधून द्यायचं ठरलं.

तुकडा आडवा कापला असता तर एकाला रस्ता मिळाला असता आणि दुसऱ्याला मागची बाजू. मागची बाजू कोणी घेईना. मग मामांनी तो उभा चिरला. दोघांनाही रस्ता मिळाला, पण प्लॉट इतके चिंचोळे झाले की आत नेलेली बैलगाडी वळवता येऊ नये. एवढ्या कमी रुंदीवर घर बांधायला कमेटीची परवानगी नव्हती.

कमेटीचा बांधकामं तपासणारा ओव्हरसियर तसा भला माणूस. नकाशा पाहून म्हणाला, "सोपं आहे. दोन्ही प्लॉट एक करा आणि एकच मोठं घर बांधा. लगेच परवानगी देतो."

"एकच घर होतं सायेब," मामा म्हणाले, "म्हनून तं तुमच्याकडं आलो."

"अहो, नियमात सुनांची भांडणं येत नाहीत."

"मंग थो नियम घरात राह्यनाऱ्या मानसाईसाठी केला का नाई?"

मी मामांचा सदरा ओढत त्यांना बाहेर आणलं.

मग नियमातून सवलत मिळावी म्हणून वर अर्ज केला. अर्ज गेला तेव्हा आम्ही मुंबई राज्यात होतो, परत आला तेव्हा महाराष्ट्रात. सोबत शेरा होता, नव्या नमुन्यात लिहून पाठवावा. मी पुन्हा लिहिला. माझी चीड अर्जावर नव्हती, त्या दोघा भावांवर होती. ज्यांच्यासाठी म्हातारा चपला झिजवत होता, ते एकदाही सोबत आले नाहीत. जानराव म्हणे कपाशीची वेचणी आहे. चंद्रभान म्हणे, दादा जात नाही तं मी काहून जाऊ?

शेवटी सवलत मिळाली. अट एकच, दोन घरांच्या मध्ये सामाईक बोळ सोडायचा आणि तो कायम मोकळा ठेवायचा. त्यावरही भांडण झालं, बोळ कोणाच्या वाट्यातून काढायचा? मामांनी दोघांकडून सारखाच काढला. घरं आणखी बारीक झाली.

मी नकाशा पाहिला आणि विचारलं, "मामा, यात तुमची खोली कुठं आहे?"

"पयले पोराईचं होऊ दे बाप्पा. मी काय, कुठंई पडून राह्यतो."

आता अशा माणसाला काय म्हणावं! मी हात टेकले.

घरं झाली, दोन चुली पेटल्या. बांधकाम तपासायला ओव्हरसियर आला तेव्हा नेमका मीही तिथे होतो. बोळात एक खाट होती आणि खाटेवर मामा बसले होते.

"ही खाट कोणाची?" ओव्हरसियरने विचारलं.

"बाबाची," दोघे भाऊ एका सुरात म्हणाले. त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मग ती आत घ्या. बोळ मोकळा नसेल तर दोन्ही घरांची सवलत रद्द होईल."

जानरावने चंद्रभानच्या दाराकडे पाहिलं, चंद्रभानने जानरावच्या. सुना आत निघून गेल्या.

"अरे, बोला ना कोणीतरी!" मी ओरडलो.

मामाच उठले. "रद्द नका करू सायेब, लेकराईचे घरं हायेत," असं म्हणत त्यांनी खाट ओढायला घेतली. रस्ता ओलांडून पलीकडच्या निंबाखाली नेऊन टाकली. ओव्हरसियरने खाली मान घालून कागदावर सही केली आणि तो गेला. भाऊही आपापल्या घरात शिरले. मी मामांजवळ गेलो आणि म्हटलं, चला माझ्याकडे.

"नाई रे," मामा खाटेवर टेकत म्हणाले. "इथून दोनी दारं दिसतात."

दिसत होती. दोन्ही आतून लावलेली होती.