नाथाजीच्या बाह्या

कराडच्या खाली सातारा जिल्हा संपून सांगलीचा सुरू होतो, तिथल्या एका गावात मी अकरा वर्षं शिक्षक होतो. गावापासून दीड मैलावर, पाटाच्या कडेला नाथाजीचं एका खोलीचं मातीचं घर होतं. फौजेतून निवृत्त झालेला माणूस. मूलबाळ नाही, बायको मनुबाई जाऊन पाच वर्षं झालेली. पुतण्याच्या उसाला पाणी पाजायचं काम तो करी.

दिवस कलला की नाथाजी शर्टाच्या बाह्या खाली सोडी, मनगटाची बटणं लावी, पँट मोज्यांत खोची आणि मानेला, कानांना करंजाचं तेल चोळी. आसामकडच्या जंगलात तो सहा वर्षं होता. तिथे संध्याकाळी कुणाच्या बाह्या दुमडलेल्या दिसल्या, तर शिक्षा म्हणून पाठीवर भरलेला पिट्टू घेऊन पळावं लागे. ती सवय राहिली होती. रानातली माणसं त्याच्याकडे पाहून म्हणत, "नाथाजीनं बाह्या सोडल्या, बैलं सोडा रं."

त्याच वेळी पुतण्याची बायको चंद्राबाई भाकरी घेऊन येई.

"आवं तात्या, कुनाच्या लग्नाला निघालाय?"

"डासांच्या. तू पदर घे अंगभर."

"मला वळखत्यात ते. न्हाई चावत."

उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून ती बसे आणि गावात कोण कुणाशी भांडलं ते सांगे. नाथाजीचं दिवसभराचं बोलणं तेवढंच. एका भाकरीला अर्धा तास लावणारा फौजी मी दुसरा पाहिला नाही.

सत्त्याहत्तर साली आमच्या भागात हिवताप पुन्हा वाढला. तापाच्या गोळ्यांचा डबा शाळेत माझ्या ताब्यात होता. फवारणीवाला बिराप्पा घरोघर भिंतींवर औषध मारत होता. नाथाजीच्या दारातून मात्र तो दोनदा परत गेला. डासांपायी रोज बाह्या सोडणारा हा माणूस दारात आडवा उभा राहिला. "भाईरनं मार. आत नगं."

मी कारण विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, बाजेसमोरच्या भिंतीवर तिची बोटं हायती."

मनुबाईनं दसऱ्याआधी ती भिंत सारवली आणि महिन्याच्या आत ती गेली. तिच्या बोटांच्या कमानी त्या सारवणात तशाच उमटलेल्या होत्या.

भाद्रपदात चंद्राबाईला थंडी वाजून ताप भरला. रक्ताची काच तपासून आली, हिवताप निघाला. आठ दिवस ती अंथरुणाला खिळून होती. नाथाजी पहिल्यांदाच शाळेत आला, दाराबाहेर चपला काढून उभा राहिला.

"घरात दुसऱ्या कुनाला ताप न्हाई, मास्तर. तिलाच कसा?"

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "सांजच्याला ती बसती कुठं?"

डास कुठे चावला हे कुणालाच सांगता येत नाही, असं मी म्हटलं. मुलांची सबब मी ऐकून घेतो, तसं त्यानं ते ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः बिराप्पाला घेऊन गेला. बाज, भांडी, पेटी त्यानं एकट्यानं बाहेर काढली.

"ही भिंतबी मारू का?" बिराप्पानं आतून विचारलं.

"तीच आदी मार."

पंपाचा आवाज थांबेपर्यंत तो घराकडे पाठ करून उभा होता. औषध वाळल्यावर भिंतीवर नुसते पांढरे ओघळ दिसत होते. बिराप्पानं दाराशेजारी गेरूनं तारीख लिहिली.

घटस्थापना जवळ आली. ते ओघळ वाईट दिसतात म्हणून गावातल्या बायकांनी भिंती सारवल्या, औषध सारवणाखाली गेलं. बरी झालेली, पण गालफडं बसलेली चंद्राबाई शेण आणि पांढऱ्या मातीची बादली घेऊन एका दुपारी नाथाजीकडे आली. मी पेरू आणायला तिथे गेलो होतो.

"पाच वर्सं भिंतीला हात न्हाई लागला. तुमी भाईर बसा, तात्या, मी सारवून घेती."

नाथाजीनं तिच्या हातातली बादली घेतली आणि उसाच्या बुडाशी उपडी केली.

"दवा खाली जाती त्यानं."

"मग मी करू काय?"

"घरी जा. आन् उद्यापास्नं भाकरी तीन वाजता आन. उजेडी यायचं, उजेडी जायचं."

"गार हुईल की."

"फौजेत गारच खात हुतो."

"आन् सांजचं तुमच्यासंगं बोलायला कोन हाय?"

ऊन अजून चांगलं होतं. तरी नाथाजीनं बाह्या खाली सोडल्या आणि बटणं लावायला घेतली. चंद्राबाई रिकामी बादली घेऊन बांधानं निघून गेली.

पुढे ती तीनला येई. तेव्हा नाथाजी रानाच्या पार दुसऱ्या टोकाला पाणी फिरवत असे. ती भाकरीचं फडकं खुंटीला अडकवून जाई. संध्याकाळी फिरायला गेलो की मला तो दिसे, उंबऱ्याच्या आत, ती बसायची त्याच जागी. भाकरी पाच मिनिटांत संपत असे.