डाव्या दारावरचा अडतीस

आमच्या गावात भिंती सरळ उभ्या आहेत, पाट्या मात्र पळतायत. हे सगळं पाट्या रंगवणाऱ्या लेव्हर्न क्रॅगरचं काम. माणूस चंद्रावर उतरला त्या उन्हाळ्यात त्याने एक अक्षरमाला काढली. अक्षरं पुढे झुकलेली, कोपरे कापलेले, मागे वाऱ्याच्या तीन रेघा. म्हणाला, उद्याचं जग असंच लिहिणार. ते उद्या अजून आमच्या आयोवापर्यंत पोचलेलं नाही. पण त्याने त्याच अक्षरांत बेकरी रंगवली, बँक रंगवली. मी इथला न्हावी. 'सावकाश आणि नीट दाढी' हे माझ्या काचेवर पन्नास वर्षं धावतंय. अंत्यविधीच्या दुकानावरची पाटी बघून तर म्हातारी माणसं पलीकडच्या फुटपाथने जातात.

ती अक्षरं खरी शोभली ती मातीच्या गोल ट्रॅकवर शर्यतीत धावणाऱ्या गाड्यांवर. तिथे लेव्हर्नचा एकच कायदा: आकडा गाडीच्या नाकाकडे झुकला पाहिजे. उजव्या दारावर उजवीकडे, डाव्या दारावर डावीकडे. म्हणजे प्रत्येक आकडा दोनदा काढायचा, दुसऱ्यांदा उलट्या झुकावाने.

यंदा त्याची नात शेल्बी पहिल्यांदा शर्यतीत उतरली. अडतीस नंबर तिने कॉम्प्युटरवर कापून आणला, स्टिकरचा. लेव्हर्नला विचारलंच नाही, कारण दोन वर्षं त्याचा हात थरथरतोय. थरथरेना का, विचारायला काय जात होतं? मला राग आला.

शनिवारी दुपारी त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि डाव्या दारापाशी थांबला.

"पोरी, ही बाजू रिव्हर्समध्ये चाललीय."

"आजोबा, दोन्हीकडे एकच स्टिकर आहे."

"तेच म्हणतोय मी."

"पण डावी बाजू बघतं कोण? सगळी वळणं डावीकडे. गॅलरीला उजवीच दिसते."

"मधल्या मैदानात उभं राहिलं की डावी दिसते."

"तिथे असतं कोण? मेकॅनिक आणि घरचे."

"हो," लेव्हर्न म्हणाला. "घरचे."

शेल्बीने नखाने स्टिकरचा कोपरा उचकटला.

"ब्रश आहे का तुमच्याकडे?"

ब्रश मेल्याच्या खिशातच होता. सकाळपासून.

दीड तास लागला. मी मनगट धरायला गेलो तर म्हणाला, "तू दाढ्या कर." तिनाची कड दातेरी आली, आठाचं पोट सुटलं. पण दोघं नाकाकडे झुकले.

चोवीस गाड्यांत शेल्बी अकरावी आली. गॅलरीला गुळगुळीत अडतीस दिसला. मधल्या मैदानात आमच्यासमोरून दर फेरीला तो दातेरी अडतीस जायचा आणि दर फेरीला लेव्हर्न टोपी काढायचा. शेवटच्या फेरीनंतर ती परत घातलीच नाही. डोळ्यांत माती गेली म्हणाला. मीही तेच सांगितलं.

"अकरावी," मी म्हटलं.

"तिकडून," लेव्हर्न गॅलरीकडे टोपी दाखवत म्हणाला.