माझी खिडकी, चतुरामायची शेगडी

चतुरामायचं आणि माझं जमत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मी पंचशीला, गावची आशा. गेली चौदा वर्षं बायकांना बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यायचं काम करते. त्याआधीची चाळीस वर्षं बाळंतपणं घरातल्या घरात उरकणारी सुईण म्हणजे चतुराबाई. मी तिच्या पोटावरच पाय दिला होता म्हणा ना. ती मला 'कागदवाली' म्हणायची आणि मी मनातल्या मनात तिला काय म्हणायचे ते इथं लिहीत नाही.

पण खोटं का बोलू? सुरुवातीच्या वर्षांत काही घरांत मला ओट्यावरच बसवत. आमची वस्ती गावकुसाबाहेरची, त्यामुळे रजिस्टर ओट्यावर, वजनकाटा ओट्यावर आणि मीही ओट्यावर. तेव्हा आतून चतुरामायच ओरडायची, बाळंतीण आत हाय अन् तू भायेर बसून काय करून राहिलीस म्हणून. घरच्यांना विचारायच्या भानगडीत ती पडत नसे. मी आत जायचे. आत गेल्यावर आमची भांडणं व्हायची, ती वेगळी.

बाळंतपणं दवाखान्यात गेली, तरी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं काम तिच्याकडेच राहिलं. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटकुळी, पण पाय लांब करून पाटावर बसली आणि तान्हं पिंडऱ्यांवर पालथं घेतलं की रडणारं पोर दोन मिनिटांत गप्प व्हायचं. पाणी कोपरानं पाहायची. मग ओव्याची धुरी, आणि शेवटी बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. बाळंतिणीची कंबर शेकून निघाली पाहिजे आणि तिला वारं लागता कामा नये, ही तिची दोन कलमं. बदल्यात बारशाला लुगडं आणि पायली-दोन पायली ज्वारी. पण लुगड्यापेक्षा तिला बोलावण्याचं अप्रूप होतं. अमक्याच्या घरून आपल्याला बोलावणं आलं, हे ती वाटेत भेटेल त्याला सांगत जायची.

आता घरांचं सांगते, कारण सगळं तिथूनच बिघडलं.

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात ओढा गावात शिरला. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची, मातीच्या भिंतींची. दोन दिवस भिजल्यावर एकेक भिंत बसत गेली. माणसं शाळेत नेली म्हणून वाचली. पुढं घरकुलं आली, कुणी कर्ज काढलं, कुणी जमीन विकली, आणि दीड वर्षात निम्म्या गावावर स्लॅब पडला. पक्क्या भिंती, लोखंडी दारं, तालुक्याहून, लोह्याहून आणलेल्या सरकत्या काचेच्या खिडक्या. आता पाणी येऊ दे नाहीतर वारा, आमचं घर हलत नाही, असं लोक अभिमानानं सांगायचे. मीही सांगायचे. माळवदाला धूर जायला वर हातभर भोक असायचं, ते नव्या घरात राहिलं नाही, याचं कुणाला काही वाटलं नाही. पाऊस गळायचा त्यातून, गेलं ते बरंच झालं, असंच सगळे म्हणाले.

यंदाच्या जानेवारीत थंडी अशी पडली की सकाळी हरभऱ्यावरचं दव गोठायचं. तेव्हा गावातल्या मन्मथअप्पांची लेक ऋतुजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. लोह्याच्या दवाखान्यात मुलगी झाली, दोन किलोची. पाचव्या दिवशी घरी आली आणि सातव्या दिवशी माझी भेट होती.

मी बाळाच्या काखेत थर्मामीटर लावला, तर आकडा कमी आला. अंग गार लागत होतं. कमी वजनाचं बाळ थंडीनं दगावतं, हे मला प्रशिक्षणात दहा वेळा शिकवलं होतं. मी आईच्या छातीशी बाळ बांधायला लावलं, टोपडं घातलं, ते सगळं बरोबरच केलं. मग वर पाहिलं तर खिडकीची काच चार बोटं उघडी. ऋतुजाची आई शिवगंगाबाई म्हणाली की चतुरामायनं तशी ठेवायला सांगितलीय, या घरात जीव घुसमटतो म्हणते. मला राग आला. बाळ गारठतंय आणि एरवी वाऱ्याला जपणारी ही म्हातारी खिडकी उघडी ठेवते. मी काच लावून घेतली. दाराच्या वर फट होती, तिच्यात जुन्या धोतराचा तुकडा स्वतःच्या हातानं कोंबला. शिवगंगाबाईला बजावलं की आता ही उघडायची नाही. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'खोली उबदार.'

कोपऱ्यात शेगडी होती. विझलेली. मी पाहिली होती. उद्या सकाळी ती पेटणार हेही मला ठाऊक होतं. पण शेगडीवरून तोंड उघडलं की चतुरामायशी तासभर भांडण, आणि मला अजून तीन घरं करायची होती. म्हणून मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळणीयंत्र आलं म्हणून अप्पा आणि शिवगंगाबाई तुरीच्या रानात गेले. चतुरामायनं दोघींना न्हाऊ घातलं, बाजेखाली शेगडी सारली, दार ओढून घेतलं आणि भाकरी टाकायला घरी गेली. तासाभरानं शेगडी बाहेर काढायला परत यायचं, हा तिचा नेम. त्या दिवशी ती पाऊण तासात आली. का आली ते तिलाही सांगता येत नाही. हाक मारली तर आतून ओ नाही. दार ढकललं तर ऋतुजा बाजेवरून अर्धी खाली लोंबकळलेली, उलटी झालेली, आणि बाळानं मान टाकलेली.

सत्तरी ओलांडलेल्या बाईनं बाळ काखेत मारलं आणि ऋतुजाला गोधडीसकट ओढत उंबऱ्याबाहेर अंगणात आणलं. मग तिनं जी हाळी दिली ती मला अंगणवाडीत ऐकू आली. मी पळत गेले तेव्हा ती बाळाच्या तळपायावर टिचक्या मारत होती आणि रडत होती. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. गावातल्या बसवराजच्या जीपमधून आम्ही लोह्याला नेलं, तिथं ऑक्सिजन लावला आणि तसंच नांदेडला हलवलं.

दोघी वाचल्या. डॉक्टर म्हणाले, कोळशाचा वायू आहे हा, त्याला ना रंग ना वास, माणसाला झोप आल्यासारखं वाटतं आणि तो उठतच नाही. अजून पंधरा मिनिटं गेली असती तर कठीण होतं. निखारे लाल झाले, धूर गेला, म्हणजे धोका गेला असं नसतं, हेही त्यांनी समजावलं. मग विचारलं, खिडकी उघडी नव्हती का? शिवगंगाबाई म्हणाली, बंद होती. कुणी बंद केली ते ती त्या घाबरगुंडीत बोलली नाही. मी बाळाची दुपटी हातात घेऊन तिथंच उभी होते. मीही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी नांदेडच्या दवाखान्यात ऋतुजाच्या सासरची माणसं उदगीरहून आली. कुणी केलं हे, त्याचं नाव सांगा, पोलिसांत देतो, असं सुरू झालं. तेवढ्यात चतुरामाय एसटीनं आलेली. वऱ्हांड्यात ती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "शेगडी माझी व्हती. चूक माझी हाय. मला काय करायचं ते करा." सासरे तिच्या पांढऱ्या डोक्याकडं पाहत राहिले. पोलीस राहिले बाजूला, पण गावात जे व्हायचं ते झालं. मारुतीच्या पारावर, पिठाच्या गिरणीत, सगळीकडं एकच, चतुरीनं लेकरू मारलं असतं. दोन बाळंतिणींच्या घरून निरोप गेले की येऊ नको. ती घराबाहेर पडायची थांबली.

मला रात्रंदिवस खात होतं. आठव्या दिवशी मी तिच्या घरी गेले. चुलीपुढं बसली होती. मी म्हणाले, चतुरामाय, खिडकी मी लावली होती. फटीत चिंधी मी कोंबली होती.

ती काटक्या मोडत राहिली. मग म्हणाली, "मला ठाव हाय. न्हाऊ घालताना दिसली की ती चिंधी."

"मग काढली का नाही?"

"वाटलं, पंचशीलानं लावली म्हंजे बरोबरच आसंल. तू शिकलेली. आजवर तुझं खोटं निघालं न्हाई."

चौदा वर्षं मी या बाईनं माझं ऐकावं म्हणून भांडले. तिनं ऐकलं ते हे.

मी म्हणाले, मी लोकांना सांगते. तर ती माझ्यावरच उखडली. "गप बस. माझ्या हातावर किती बाया गेल्या ते तुला ठाव हाय का? मला हाय. नावं सांगू? तुझ्यामुळं आता कुणी मरत न्हाई. तुझ्यावरचा भरवसा उडाला तर परत घरातच बाळंत व्हतील. माझं काय, माझं झालं आता."

आणि मी गप्प बसले. हे लिहिताना लाज वाटते, पण मला बरं वाटलं होतं. तिनंच सांगितलंय म्हणून.

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा झाली. झेंडावंदन झाल्यावर सरपंच दयानंद पाटलांनी विषय काढला की चतुराबाईला यापुढं कुणी बाळंतिणीजवळ जाऊ देऊ नये, तसा ठराव घेऊ. हात वर व्हायला लागले. चतुरामाय तिथं नव्हती. समोर शिवगंगाबाई बसली होती, मांडीवर नात. मुलीनं जांभई दिली. मी उठून उभी राहिले तेव्हा काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

मी सांगितलं की शेगडी तिची होती आणि बंद खोली माझी होती. तिनं काच उघडी ठेवलेली मी लावली. आता पक्क्या घरात निखारे न्यायचेच नाहीत, ऊब आईच्या अंगाची आणि कपड्यांची द्यायची, हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं नाही. आणि दोघींना बाहेर ओढून काढलं ते तिनं. ठरावात नाव घालायचं तर आधी माझं घाला.

शिवगंगाबाईनं विचारलं, "मग दवाखान्यात का बोलली न्हाईस?"

"भ्याले," मी म्हणाले.

ठराव बारगळला. पण चतुरामाय म्हणाली होती तसंच झालं. महिनाभर लोक माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचे. फेब्रुवारीत गावातल्या मारोतीच्या बायकोला, शिल्पाला, कळा सुरू झाल्या. मी गाडी बोलावली, तर ती दाराची चौकट धरून बसली. तुझ्यासंगं येत न्हाई, म्हणाली, घरीच बघू. मी समजावलं, तिच्या सासूपुढं हात जोडले, कागद दाखवले. रक्त कमी होतं तिचं, घरी ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ.

शेवटी मी चतुरामायला आणायला पळाले. ती आली ती लुगड्याचा ओचा खोचतच. वाटलं, चिडेल, मी तुला सांगितलं नव्हतं का, असं म्हणेल. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. शिल्पाच्या पोटावर हात ठेवला, तिचे हात एकेक करून चौकटीवरून सोडवले आणि तिला उठवलं.

"चल. मी येते संगं. हिचं ऐकू नको, माझं ऐक."

चाळीस वर्षं घरात बाळंतपणं करणारी बाई शिल्पाचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्याच्या गाडीत बसली, आणि मी पुढं ड्रायव्हरशेजारी. 'हिचं ऐकू नको' हा तिचा शब्द मला त्या दिवशी लागला नाही.